दुधरामजींच्या कानाजोगा रिसीव्हर

दुर्गेश्वरी होम थिएटर घेणार ही बातमी फुटली, तेव्हा गोंदियाजवळच्या गोरेगावातल्या तिच्या गल्लीने एकच प्रश्न विचारला, लग्न कोणाचं?

गल्लीचं काही चुकलं नव्हतं. मोठा आवाज घरात आणायची गल्लीला ठाऊक असलेली कारणं दोनच, लग्न आणि गणपती. चैत्र संपत आलेला, गणपती लांब. घरात लग्नाचं म्हणून उरलेलं माणूस एकच, दुर्गेश्वरीची चौदा महिन्यांची मुलगी चंचल, आणि तिला सध्या दात येण्यापलीकडे कशातच रस नव्हता. काहीही निमित्त नसताना जे लोक स्पीकर घेतात त्यांच्या घरात काहीतरी बिनसलेलं असतं, असा निष्कर्ष मग गल्लीने काढला. तोही चुकला नव्हता.

बिनसलं होतं ते साडेसातला. रोज संध्याकाळी साडेसातला दुर्गेश्वरीचे सासरे दुधरामजी आणि सासू नंदाबाई मिळून एक मालिका बघत. मालिका चांगली आहे असं दोघांपैकी कोणाचंच म्हणणं नव्हतं. तिच्यातल्या मोठ्या सुनेला चार वर्षांपासून एक गुपित माहीत होतं आणि दर शनिवारी ती ते सांगायला तोंड उघडे. पण त्या अर्ध्या तासात दोघं जे भांडत, त्याच्यावर त्यांचा पुढचा साडेतेवीस तासांचा संसार चाले. "आता पाहा, हे त्याले सांगते." "नाई सांगत." "सांगते म्हनते नं मी." "नटीचा पदर पाह्य. सांगनारी नटी पदर असा धरत नाई." दुधरामजींच्या या बोलण्याला वजन होतं. चाळीस वर्षं ते झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. दिवाळीनंतरच्या मंडईच्या, म्हणजे गावजत्रांच्या, दिवसांत गावोगाव जी रात्रभर नाटकं चालतात, त्यांत विंगेच्या आड स्टुलावर बसून, हातात वही आणि टॉर्च घेऊन, नटाला पुढचं वाक्य पुरवायचं. इकडे सालेकशापासून तिकडे साकोलीपर्यंत त्यांचा चेहरा एकाही प्रेक्षकाने पाहिला नव्हता, आणि त्यांच्याकडे बघितल्याशिवाय एकाही नायकाने प्राण सोडला नव्हता.

तर अशा माणसाला अलीकडे कमी ऐकू येत होतं. टीव्हीचा आवाज चाळीसवरून पन्नासवर गेला, पन्नासवरून बासष्टवर. बासष्टला शेजारचं घरही मालिका ऐके. ऐकण्याबद्दल कोणाची तक्रार नव्हती, पण चंचल जागी होई. तिला निजवायला सव्वासहापासून सव्वासातपर्यंत एक अख्खी आई लागायची, आणि साडेसातला मालिकेच्या सुरुवातीचं ढणढण संगीत वाजलं की ती डोळे टक्क उघडून, आता काय कार्यक्रम आहे, अशा नजरेने आईकडे बघायची. अशा एका संध्याकाळी नंदाबाईच्या तोंडून, शेजारची बाई बसलेली असताना, निघून गेलं, "आयकू येत नाई तं कान दाखवा एकदाचा कोनाले. अख्ख्या गावाले आयकू जाते, तुमालेच जात नाई."

दुधरामजींनी रिमोट खाली ठेवला. "कान बरोबर आहेत माझे," ते म्हणाले. "टीवीच हळू बोलते." आणि उठून परसात गेले.

त्याला तीन आठवडे झाले होते. तेव्हापासून साडेसात वाजले की ते गायीजवळ जाऊन बसत. गाय त्यांच्याशी वाद घालत नसे, त्यामुळे ते लवकर कंटाळत, पण आत येत नसत. इकडे नंदाबाई टीव्हीपुढे एकटी बसे. मोठ्या सुनेने तोंड उघडलं की सवयीने "आता पाहा" म्हणे, बाजूला बघे, आणि मग पायाचं बोट मोडत बसे. सून विचारी, "आत्याबाई, मामाजींना बोलावू?" नंदाबाई म्हणे, "मी काऊन बोलावू? मी का त्याइले धाडलं?" कानाच्या डॉक्टरचा विषय लीलाधरने, म्हणजे दुर्गेश्वरीच्या नवऱ्याने, एकदाच काढला. तो पंचायत समितीत कारकून होता आणि कोणताही विषय हळुवारपणे काढणं त्याला येत नव्हतं. दुधरामजी त्याच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

हे सगळं बघून दुर्गेश्वरीच्या मनात रिसीव्हर आला.

इथे एक सांगितलं पाहिजे. दुर्गेश्वरीजवळ इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा होता. लग्नानंतर त्याचा उपयोग दोन मिक्सर, एक इस्त्री आणि शेजारच्यांच्या असंख्य टॉर्च दुरुस्त करण्यापुरता झाला होता, पण शिकलेलं डोक्यात होतं. तिला माहीत होतं की होम थिएटरमध्ये मधोमध ठेवायचा एक स्पीकर असतो, त्याला सेंटर म्हणतात, आणि माणसांचं बोलणं तेवढं त्यातून येतं. ढणढण, वीज कडाडणं, सासूच्या प्रवेशाला तीनदा वाजणारा झांजांचा आवाज, हे सगळं बाकीच्या स्पीकरांतून. आणि चांगला रिसीव्हर असेल, म्हणजे हे सगळे स्पीकर चालवणारा तो मधला डबा, तर त्यात बोलणं तेवढं वाढवता येतं आणि ढणढण तेवढी कमी करता येते. म्हणजे दुधरामजींना ऐकू जाईल, चंचल झोपलेली राहील, आणि कान हा शब्द घरात कोणी उच्चारणार नाही. डॉक्टरच्या जागी डबा. फक्त तो डबा दुधरामजींच्या कानासाठी आहे हे दुधरामजींना कळता कामा नये. म्हणून घरात जाहीर झालं की होम थिएटर लीलाधरच्या क्रिकेटसाठी येत आहे. लीलाधरला क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण बापासाठी त्याने तेही मान्य केलं आणि त्या आठवड्यात दोन सामने झोपा काढत पाहिले.

चंचल दुपारी पाऊण तास झोपे. त्या पाऊण तासात दुर्गेश्वरी एका हाताने पाळण्याची दोरी ओढत दुसऱ्या हाताने मोबाइलवर रिसीव्हर बघू लागली. जेमतेम बजेटमधला रिसीव्हर निवडणं हे स्थळ बघण्यासारखंच निघालं. फोटोत सगळे देखणे. माहिती विचारली की प्रत्येकाची वॉटची गोष्ट वेगळी. पाच हजारांच्या एका डब्यावर वॉट इतके लिहिले होते की त्याच्यावर गोरेगावची पिठाची चक्की चालली असती. दुसऱ्याला निळे-लाल दिवे होते, गाण्याबरोबर नाचणारे. तिसऱ्याला रेडिओ, पेन ड्राइव्ह, दोन माइक, सगळं होतं, फक्त सेंटरचा आवाज वेगळा वाढवायची सोय नव्हती. पाच स्पीकर होते, पण पाचांतून एकच आवाज, एकत्र कुटुंबात सगळे एकदम बोलतात तसा.

तेवढ्यात मनिरामला कळलं.

मनिराम समोरच्या घरात राहत असे आणि त्याचा मंडप-बिछायत-डीजेचा धंदा होता. गोरेगाव तालुक्यात आवाजाच्या बाबतीत आपल्याला विचारल्याशिवाय काही होऊ नये, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

"वयनी, पंधरा वर्षं झाली मी आवाजाच्या धंद्यात हाये," तो ओट्यावर बसत म्हणाला. "सेंटर-बिंटर सब फालतू. बेस पायजे. छातीत धडधड झाली पायजे."

"मनिरामभाऊ, धडधड नको. बोलणं ऐकू यायला पाहिजे."

"बोलनं कोन आयकते?" मनिरामला खरंच आश्चर्य वाटलं. "तुमी थांबा. डेमो देतो."

दुर्गेश्वरी नको म्हणेपर्यंत त्याने हातगाडीवरून एक काळा खोका आणला. खोका दारातून आत जाईना म्हणून ओट्यावरच ठेवला, तोंड घराकडे करून. मग काय झालं हे घरातल्या प्रत्येकाने नंतर वेगवेगळं सांगितलं. नंदाबाईच्या सांगण्याप्रमाणे मांडणीतली ताटं आपापली खाली उतरली. कौलांवरून एक मांजर पडलं, ते आधी तिथे होतं हेच कोणाला माहीत नव्हतं. चंचलने पाळण्यात उभं राहून आयुष्यातला पहिला नाच केला. परसातून दुधरामजींचा आवाज आला, "वरात कोनाची होय गा?"

मनिरामने बटण बंद केलं आणि विजयी मुद्रेने दुर्गेश्वरीकडे पाहिलं. "पाहा. आयकू गेलं नं?"

पण त्या दिवशी गायीने दूध चोरलं, त्यामुळे खोका परत गेला.

रविवारी दुर्गेश्वरी आणि लीलाधर चंचलला घेऊन गोंदियाला गेले. तिथल्या भूपेंद्रच्या दुकानात भिंतभर स्पीकर मांडलेले होते. भूपेंद्रने लीलाधरला खुर्ची दिली, दुर्गेश्वरीला स्टूल दिलं आणि चंचलला बिस्किट दिलं.

"बोलिए भाईसाहब."

"सेंटरचा लेव्हल वेगळा करता येईल असा रिसीव्हर आहे का?" दुर्गेश्वरीने विचारलं.

भूपेंद्र लीलाधरला म्हणाला, "भाईसाहब, लाइटिंग वाला दिखाता हूँ. लेडीज लोगों को बहुत पसंद आता है."

"लाइटिंग नको. साध्या आवाजातून बोलणं वेगळं काढून सेंटरला देतो का हा?"

"भाईसाहब, ये ब्लूटूथ भी है."

असं बराच वेळ चाललं. प्रश्न दुर्गेश्वरीकडून निघे, उत्तर लीलाधरला मिळे, आणि लीलाधर ते जसंच्या तसं तिच्याकडे वळवी: "ब्लूटूथ आहे म्हणते." त्याची अवस्था दोन डब्यांना जोडणाऱ्या वायरसारखी झाली होती, आणि वायरला मत नसतं. शेवटी दुर्गेश्वरी स्टुलावरून उठली, कडेवरची चंचल लीलाधरच्या मांडीवर दिली, दिव्यांच्या त्या डब्याचं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि मागच्या भोकांवरून बोट फिरवत म्हणाली, "भैया, याला पाच स्पीकर जोडता येतात, पण आत डिकोडर नाही. हा पाचांना एकच आवाज वाटून देतो. हे तुमच्या डब्यावरच लिहिलंय, खाली, बारीक."

भूपेंद्रने वाचलं. बहुधा पहिल्यांदाच. मग तो लीलाधरकडे बघत हळूच म्हणाला, "भाभीजी क्या करती हैं?"

"घरीच असते," लीलाधर म्हणाला, आणि म्हटल्या क्षणी त्याला कळलं की परतीचा प्रवास लांबचा होणार आहे. बसमध्ये गोरेगावच्या थांब्यापर्यंत ती चंचलशीच बोलत होती. उतरताना तो म्हणाला, "डिप्लोमा आहे म्हणायला पाहिजे होतं." "हो," ती म्हणाली. तेवढ्यावर ते मिटलं, कारण मिटवायला दोघांकडेही जास्त वेळ नव्हता. चंचलने बसमध्येच सगळं बिस्किट परत केलं होतं.

मग तो सापडला. ऑनलाइन, जुनं मॉडेल, डबा एकदा उघडलेला, आतला माल कोरा. सेंटरचा लेव्हल वेगळा, बोलणं वेगळं काढण्याची सोय, सोबत पाच साधे स्पीकर आणि खोलीचा अंदाज घेऊन आवाज आपोआप जुळवणारा एक छोटा माइकसुद्धा. दुर्गेश्वरीने रात्री लीलाधरच्या फोनवरून ऑर्डर टाकली. तिचा स्वतःचा मोबाइल त्या आठवड्यात तांदळाच्या डब्यात पुरलेला होता, कारण चंचलने तो आधी पाण्याच्या बादलीत ठेवून पाहिला होता. लीलाधरचा फोन ऑफिसात बंद असे. म्हणून पत्त्याखाली तिने घरात कायम हजर असलेला नंबर टाकला. दुधरामजींचा.

एवढी शिकलेली बाई, पण चूक करायची वेळ आली की शिक्षण बाजूला उभं राहून बघतं.

सहा दिवसांनी लीलाधरच्या फोनवर संदेश आला: ग्राहकाने वस्तू घेण्यास नकार दिला.

"मामाजी, तुम्हाला कोणाचा फोन आला होता का?"

"आलता नं. रोजच येते. लोन घ्या म्हनते. मी म्हटलं नाई पायजे. तो अजून काही काही बोलला. मी म्हटलं, एकदा सांगितलं नं बाबू, नाई पायजे, वापस घेऊन जा." दुधरामजींनी फोन खिशात टाकला. "लई सभ्य पोरगा होता. धन्यवाद म्हणून ठेवला त्यानं."

डबा परत जायच्या वाटेवर गोंदियाच्या गोदामात थांबला होता. सोडवायचा तर ज्याच्या नंबरवरून नकार गेला त्याने स्वतः येऊन सांगायचं होतं, असा नियम. लीलाधरची ग्रामसभा होती. म्हणून एसटीत एका बाजूला दुधरामजी, धुतलेलं धोतर नि कडक टोपी, आणि दुसऱ्या बाजूला चंचलला घेऊन दुर्गेश्वरी, अशी वरात निघाली. क्रिकेटसाठी इतका खटाटोप कायले, असं दुधरामजींनी गोंदिया येईपर्यंत तीनदा विचारलं.

गोदामाच्या खिडकीला जाड काच होती, काचेला मुठीएवढं भोक, आणि भोकामागे एक मुलगी, जी कॉम्प्युटरकडे बघून बोलत होती. दुधरामजींनी भोकाला कान लावावा की तोंड, हे ठरेना.

"पिनकोड बताइए," मुलगी म्हणाली.

दुधरामजींनी मान डोलावली.

"अंकल, पिनकोड."

"हो," दुधरामजी म्हणाले.

मागे रांग वाढत होती. दुर्गेश्वरीने पाहिलं, म्हाताऱ्याच्या मानेवर घाम आला होता आणि टोपीखालचे कान लाल झाले होते. तिने चंचलला दुसऱ्या कडेवर घेतलं, त्यांच्या उजव्या खांद्यामागे सरकली आणि ओठ न हलवता, खाली बघत म्हणाली, "चार चार एक आठ शून्य एक."

दुधरामजींचा खांदा किंचित हलला. "चार चार एक आठ शून्य एक," ते खणखणीत म्हणाले.

"नाम?"

"दुर्गेश्वरी पटले, माझी सून," खांद्यामागून आलं.

"दुर्गेश्वरी पटले, माझी सून," दुधरामजी काचेला म्हणाले.

"रिफ्यूज क्यों किया था? कारण चुनिए. माल पसंद नहीं, पैसे नहीं थे, घर पर कोई नहीं था."

इथे अडलं. तिन्ही कारणं खोटी होती आणि खोटं वाक्य पुरवायला दुर्गेश्वरी कचरली. "घरी कोणी नव्हतं म्हणा," ती शेवटी कुजबुजली.

"नाई," दुधरामजी वळून म्हणाले, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं. "मी होतो घरी. फोन मीच उचलला. मले आयकू नाई आलं, म्हनून नाई म्हटलं. हे लिव्ह म्हनावं तिले."

मुलीने पहिल्यांदा कॉम्प्युटरवरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "अंकल, वो ऑप्शन नहीं है," ती म्हणाली, पण हळू, आणि मग तिने स्वतःच काहीतरी निवडलं. डबा बाहेर आला.

परतताना ते एसटीच्या खिडकीशी बसले. उन्हाळी धानाच्या हिरव्या बांध्या मागे पडत होत्या. मध्येच म्हणाले, "तुह्या आवाजाले धार आहे. पन तू हलते लई. विंगेतलं मानूस हललं की नटाचं चित्त जाते." दुर्गेश्वरी म्हणाली, "चंचल हलत होती, मामाजी." "मंग तिले शिकव," ते म्हणाले.

डबा घरी आला. पुढची बैठक खोली अर्धी स्लॅबची, अर्धी कौलारू, तिच्यात पाच स्पीकर बसवायचे म्हणजे पाच पाहुण्यांना मान राखून बसवण्यासारखं होतं. मागचे दोन, एक धानाच्या कोठीवर, एक देवघरावर. देवघरावरच्याला नंदाबाईने हळदकुंकू लावलं. सेंटर टीव्हीच्या बरोबर खाली, सोफ्याकडे तोंड करून. मनिराम वायर ओढायला आला होता आणि दर वायरीला "बेस नाई येनार" म्हणत होता.

मग तो माइक. पुस्तकात लिहिलं होतं, माइक बसण्याच्या जागी ठेवा, खोलीत संपूर्ण शांतता राखा. रिसीव्हर प्रत्येक स्पीकरमधून शूऽऽ असा आवाज काढणार आणि माइक तो मोजणार. दुर्गेश्वरीने माइक सोफ्यावर उशीवर ठेवला. पहिल्या वेळी शूऽऽ ऐकून नंदाबाई धावत आली, कुकरची शिटी गेली असं समजून. दुसऱ्या वेळी गल्लीत बोदलकशा तळ्याची मासोळीवाली ओरडत आली आणि रिसीव्हरने पडद्यावर लिहिलं: फार गोंगाट आहे. तिसऱ्या वेळी मनिरामने स्वतः जाऊन गल्लीचं तोंड अडवलं, दोन सायकली आणि एक मोटारसायकल थांबवली, आणि "आत नाजूक काम चालू हाये, बोलू नोका" असं सांगितलं. लोक घरात बाळंतपण आहे समजून टोप्या काढून उभे राहिले. त्या शांततेत मागच्या स्पीकरमधून शूऽऽ आलं, चंचल पाळण्यातून त्याला तशीच शूऽऽ म्हणाली, आणि रिसीव्हरने पुन्हा लिहिलं: फार गोंगाट आहे. चौथ्या वेळी वीज गेली. पाचव्या वेळी जमलं.

साडेसात वाजले. दुर्गेश्वरीने बोलणं वाढवलं, ढणढण उतरवली. मालिका सुरू झाली आणि मोठ्या सुनेचा शब्द न शब्द सोफ्यावर येऊन बसला. नंदाबाई चकित झाली. "अगं माय, ही तं सर्दी झाल्यासारखी बोलते. चार वर्षं पता नाई लागला." चंचल झोपलेलीच होती. लीलाधरने परसात जाऊन बापाला बोलावलं, यावेळी दुर्गेश्वरीने शिकवलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणत: "बाबूजी, डबा आला तो बरोबर लागला की नाई, जरा पाहा."

दुधरामजी आले. सोफ्यावर जागा मोकळी ठेवली होती. तिकडे न बघता त्यांनी आपलं लाकडी स्टूल ओढलं, टीव्हीच्या बाजूला, आतल्या खोलीच्या दाराच्या पडद्याआड ठेवलं, आणि बसले. त्यांची नेहमीची जागा. दोन मिनिटं बसले. मग उठले.

"हळूच आहे," ते म्हणाले. रागाने नाही. चुकलेल्याला समजावून सांगावं तसं. "राहू दे वो बाई. तू लई केलं." आणि परत परसात गेले.

त्यांना कळलं होतं तर. क्रिकेट कोणासाठी होतं ते.

नंदाबाई त्या दिवशी मालिका पुरी न बघता स्वयंपाकघरात गेली आणि भाकरी जरा जास्तच जोरात थापू लागली. लीलाधर म्हणाला, "डबा वापस जाते का?" दुर्गेश्वरीने टीव्ही बंद केला आणि माइकची वायर गुंडाळून ठेवली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चंचल पाळण्यात झोपेना. दुर्गेश्वरी तिला खांद्यावर घेऊन टीव्हीवर हलक्या आवाजात काहीतरी लावून फेऱ्या मारत होती. पाय दुखले, तेव्हा जवळ होतं त्या स्टुलावर टेकली. पडद्याआडच्या. आणि टीव्ही बंद पडला असं तिला वाटलं.

बंद नव्हता. चित्र तिरपं दिसत होतं, तोंडं हलत होती. आवाज मात्र सगळा समोर, सोफ्याकडे, निघून जात होता. इथे येत होती ती फक्त भिंतीवरून परतलेली गुणगुण. ती उठून सोफ्याकडे गेली, शब्द स्पष्ट. परत स्टुलावर, गुणगुण. पोरगी खांद्यावर घेऊन ती सोफा आणि स्टूल यांच्यामध्ये सहा वेळा गेली, आणि चंचल या फेऱ्यांत झोपून गेली.

जुना टीव्ही, तो पाठीला कुबड असलेला, त्याचा स्पीकर उजव्या कुशीला होता. बरोबर या स्टुलाच्या कानाशी. दोन वर्षांपूर्वी चपटा टीव्ही आला आणि त्याच सुमारास मामाजींचा कान गेला, असं घरात म्हणत. कान थोडा गेला होता, त्यात खोटं नव्हतं. पण माणूस म्हणत होता तेही खरं होतं. टीव्हीच हळू बोलत होता. आणि तिने एवढा विद्वान माइक मोजायला ठेवला होता कुठे, तर सोफ्यावर, जिथे मामाजी जन्मात बसले नव्हते.

"मंग स्टूल सोफ्यापाशी ठेव," नंदाबाई म्हणाली.

"ठेवून पाहा," लीलाधर म्हणाला.

ठेवून पाहिलं. दुधरामजींनी स्टुलाकडे पाहिलं आणि उभेच राहिले. "समोर कसा बसू?" ते म्हणाले. "समोर बसते ते तिकीट काढून आलेले लोक."

चाळीस वर्षं ज्याने नाटकाचा एकही अंक समोरून पाहिला नाही, त्याला म्हातारपणी प्रेक्षक करणं कोणाच्या हातात नव्हतं. स्टूल परत पडद्याआड गेलं. दुर्गेश्वरी टीव्हीपुढे खाली बसली, सेंटर उचलला आणि काटकोनात फिरवून त्याचं तोंड सरळ विंगेकडे केलं.

"वयनी, पुस्तकात असं नाई," दारातून मनिराम म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा तो पुस्तकाच्या बाजूने बोलत होता.

"पुस्तकवाल्याने मामाजींना पाहिलं नाही," ती म्हणाली.

साडेसात वाजले. चंचल तिच्या मांडीवर झोपलेली, म्हणून आवाज अगदी खाली. मोठी सून पडद्यावर आली आणि काहीतरी बोलली. सोफ्यावर गुणगुण ऐकू आली. पडद्याआड दुधरामजी एकदम ताठ झाले. त्यांनी डावा कान पुढे केला, मग मान मागे घेतली, इतकं जवळ काय बोलतेस अशी. त्यांचे ओठ तिच्याबरोबर हलू लागले.

"काय म्हनली वो ते?" नंदाबाईने दुर्गेश्वरीला विचारलं. तिलाही ऐकू आलं नव्हतं. लीलाधरलाही नाही.

"म्हनते," पडद्याआडून आवाज आला, हळू, पण सोफ्याच्या मागच्या भिंतीपर्यंत नीट पोचणारा, "मोठ्या भाऊजींच्या कपाटात ती चिठ्ठी मीच ठेवली."

"हाय माय. सांगितलंन का?"

"नाई. मनातल्या मनात बोलून राहिली. आता तो येते. थांब." पडद्यावर पुरुष आला, तावातावाने बोलला. "म्हनते, तुझ्या डोळ्यांत पाणी का आहे. लई पडेल वाक्य आहे. आता ते म्हनन, कांदा चिरत होते."

"म्हनली का?"

"म्हनन. तोंड तं उघडू दे तिले."

दुर्गेश्वरीच्या ध्यानात आलं की सेंटर फिरवताना सोफा पार बहिराच झाला आहे. थोडासा तिरका केला असता तर दोन्हीकडे पुरला असता. तिने झोपलेल्या पोरीला न हलवता हळूच रिमोटकडे हात नेला, निदान दोन अंक आवाज वाढवावा म्हणून.

नंदाबाईने दाराच्या पडद्याकडची नजर न काढता तिचं मनगट धरलं.

"राहू दे," ती म्हणाली. "मले आयकू येऊन राहिलं."